छपराखालच्या माळ्याची किल्ली कुणाकडे आहे? वारसा वास्तू सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

वारसा वास्तूंचे विश्वस्त, संवर्धन समित्यांचे सदस्य आणि जीर्णोद्धाराची कामे पाहणारे वास्तुविशारद यांस,

सादर नमस्कार.

जुन्या इमारतींना आगीपासून वाचवणारी यंत्रणा बसवणे हे माझे रोजचे काम. त्या निमित्ताने तुमच्यापैकी अनेकांसमोर मी आराखडे मांडले आहेत आणि जवळपास प्रत्येक बैठकीत एक वाक्य ऐकले आहे: ‘इमारतीच्या मूळ रूपाला धक्का लागता कामा नये.’ या वाक्याचा मला कधी राग आला नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने घोटलेल्या गिलाव्याला भोक पाडायचे म्हटले की माझ्याही पोटात कालवते. पत्र लिहायला बसले ते त्या वाक्यानंतर जे होते त्यासाठी. आराखडा ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणून बाजूला पडतो. पुढच्या बैठकीत गळक्या छपराचा विषय निघतो, त्याच्या पुढच्या बैठकीत निधीचा. फाइल कपाटात राहते, आणि सगळ्यांची समजूत अशी होते की आपण काही केले नाही म्हणजे इमारत होती तशी सुरक्षित आहे.

ती तशी नसते, कारण ती होती तशी उरलेलीच नसते. ती बांधली गेली तेव्हा तिच्यात वीज नव्हती. आज तिच्या भिंतींमधून तारा गेल्या आहेत, दालनांत प्रखर दिवे आहेत, वातानुकूलन आहे, कार्यालयात पाणी तापवायची किटली आहे आणि रात्रभर चार्जिंगला लावलेले फोन आहेत. विंडसर कॅसलला 20 नोव्हेंबर 1992 रोजी आग लागली ती पडद्याला टेकलेल्या एका दिव्यामुळे. रिओ दि जानेरोतील ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची 2 सप्टेंबर 2018ची आग सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापासून सुरू झाल्याचे तपासात निघाले. इंग्लंडमधल्या क्लँडन पार्क या अठराव्या शतकातल्या हवेलीत 29 एप्रिल 2015 रोजी तळघरातला वीजवितरण बोर्ड पेटला. तिन्ही ठिकाणी आग लावणारी वस्तू आपल्या काळातली होती. अशा वस्तू आत येताना मूळ रूपाचा प्रश्न क्वचितच कुणी काढतो. तो निघतो आग विझवायचे पाणी नेणारा आमचा पाइप आत यायला लागला की. नव्या काळाचा धोका आपण घरात घेतला आणि नव्या काळाचे संरक्षण दाराबाहेर उभे ठेवले, हे मला तुमच्यापुढे सरळ मांडायचे आहे.

कुठलीही इमारत पाहायला गेले की मी आधी छपराखालच्या माळ्यावर जाते. एकदा एका फार जुन्या इमारतीत माळ्याच्या दाराची किल्लीच सापडेना. व्यवस्थापकांनी पहारेकऱ्याकडे बोट दाखवले, पहारेकऱ्याने जुन्या कारकुनाकडे, आणि कारकून निवृत्त होऊन गेलेले. पाऊण तासाने एका टेबलाच्या खणात, कागदाच्या पुडीत ती मिळाली. वर गेले. विजेरीच्या उजेडात तुळयांवर सुतारांनी कोरलेल्या खुणा दिसत होत्या. कोणता सांधा कोणत्या सांध्यात बसवायचा, याचे त्या काळचे आकडे. त्याच तुळयांवरून खिळे मारून एक तार नेलेली होती, कापडी आवरणाची. आवरणाला बोट लावले तर त्याचा भुगा झाला. तारेत वीज होती. तिच्याखाली पाखरांची जुनी घरटी, वाळलेले गवत, काड्या. पलीकडच्या दालनाला वेगळे करणारी जाड दगडी भिंत थेट छपरापर्यंत गेलेली पाहून बरे वाटले. जवळ गेले तर केबल न्यायला तिच्यात भोक फोडलेले, माझे डोके आत जाईल एवढे. केबल दोन बोटांची. त्या भोकातून वारा येत होता आणि विजेरीच्या झोतात धूळ पलीकडून अलीकडे वाहताना दिसत होती. धूरही त्याच वाटेने आला असता. खाली दालनात लोक मान वर करून रंगवलेली तख्तपोशी पाहत होते, तिच्या बरोबर वर मी उभी होते.

त्या इमारतीत अग्निशामक नळकांडी होती. नियमाप्रमाणे टांगलेली, तपासणीची तारीख लिहिलेली. सगळी खालच्या मजल्यांवर.

‘आमच्या तुळया एवढ्या जाड आहेत, त्या पटकन पेटत नाहीत’ असे मला हमखास सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. लाकूड जळताना त्याच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. जाड तुळई मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत आत जळत जाते. पण हा हिशेब एकट्या तुळईचा. शेकोटीत एकच ओंडका टाकला तर तो धुमसत विझून जातो, तीन एकमेकांना लावून मांडले की धडधडतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची धग परत करतो. माळ्यावर शेकडो लाकडे एकमेकांना तोंड करून उभी असतात, शतकानुशतके वाळलेली, चहूबाजूंनी हवा असलेली. मधे पातळ फळ्या, चिरफळ्या आणि धूळ. हे तुळईचे गणित लावण्याचे ठिकाण नाही.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये हाच भरवसा धरला होता. ओकच्या तुळयांच्या त्या माळ्याला तिथे ‘जंगल’ म्हणत. जुने ओक सावकाश जळेल, माणसांना वर जाऊन आग आटोक्यात आणायला वेळ मिळेल, असे गृहीत होते. माळ्यावर स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने उघडून पाणी टाकणारी तोंडे, नव्हती, आग अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. तेही मूळ रूप जपायचे म्हणूनच. धूर ओळखणारी यंत्रणा मात्र चांगली होती. 15 एप्रिल 2019 रोजी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तिने आपले काम केले, इशारा दिला. इशारा दाखवणाऱ्या पॅनेलवरच्या संदेशाचा अर्थ नीट लागला नाही आणि पहारेकरी चुकीच्या माळ्याकडे पाठवला गेला, शेजारच्या छोट्या इमारतीच्या. चूक लक्षात येऊन तो तीनशेच्या आसपास अरुंद पायऱ्या चढून खऱ्या माळ्यावर पोहोचला, तोवर अर्धा तास गेला होता. पावणेआठ वाजून गेल्यावर मनोरा कोसळला. पॅनेलसमोर बसलेला कर्मचारी त्या जागी अगदी नवा होता. मला त्या माणसाचे वाईट वाटते. यंत्राने त्याला आग कुठे आहे ते त्याच्या भाषेत सांगितलेच नव्हते.

म्हणून कोणत्याही इमारतीत मी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला पॅनेलसमोर उभे करते, धूर ओळखणारा एक डिटेक्टर मुद्दाम चालू करते आणि विचारते: आग कुठे आहे? ‘झोन 4, उपकरण 17’ असे वाचून तो माझ्याकडे पाहतो. त्याच्याऐवजी ‘मुख्य छप्पर, उत्तर बाजू, घंटेच्या जिन्याने वर’ एवढे शब्द पडद्यावर दिसले तर तो पळत सुटतो. याला ना भिंत फोडावी लागते ना गिलावा. एक दुपार लागते. आणि शंका असली तरी आधी अग्निशमन दलाला कळवायचे, मग वर पाहायला जायचे, हा क्रम लिहून त्याच्या टेबलावर चिकटवायचा. खोटा इशारा निघाला तर त्याला कुणी बोल लावणार नाही, हे विश्वस्तांनी स्वतः त्याला सांगायला हवे. मी पाहिलेल्या बहुतेक पहारेकऱ्यांना आगीपेक्षा खोट्या इशाऱ्याची भीती जास्त वाटते.

आता पाण्याविषयी. तुमचा खरा विरोध इथे असतो, आणि तो मी हलका मानत नाही. भित्तिचित्रे, हस्तलिखिते, सोन्याचा वर्ख दिलेले लाकूड यांच्यावर पाणी पडणे हे नुकसानच आहे. फक्त तुमच्या मनातले स्प्रिंकलरचे चित्र बहुतेकदा चित्रपटातले असते: कुठेतरी धूर निघतो आणि इमारतभर सगळीकडे पाऊस सुरू होतो. तसे होत नाही. नेहमीच्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक छोटी नळी असते, आत रंगीत द्रव. लाल द्रवाची नळी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते. जिथे एवढी उष्णता पोहोचली तेवढेच तोंड उघडते, शेजारचे बंद राहते. धुराने ते उघडत नाही. उघडलेले एक तोंड मिनिटाला साधारण 60 ते 100 लिटर पाणी टाकते, तेही पेटल्यानंतर काही मिनिटांच्या आत, आग एका कपाटाएवढी असताना.

याच्या समोर बंबाचे पाणी ठेवून पाहा. ते आग मोठी झाल्यावर येते आणि एकेका नळीतून मिनिटाला कित्येक शे लिटर येते. विंडसरची आग विझवायला पंधरा तास लागले आणि सुमारे 15 लाख गॅलन पाणी ओतावे लागले. जर्मनीतील वायमारच्या आना अमालिया ग्रंथालयात 2 सप्टेंबर 2004 रोजी सुमारे 50 हजार ग्रंथ जळाले, आणि आणखी सुमारे 62 हजार ग्रंथ आग, धूर व विझवण्याच्या पाण्याने खराब झाले. तेव्हा पाणी हवे की नको, असा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. आग लागली की पाणी येणारच. थोडे, वेळेवर आणि नेमक्या जागी हवे, की पुष्कळ, उशिरा आणि सगळीकडे, एवढेच ठरवायचे आहे.

उशिरा आलेले पाणी कित्येकदा आगीपर्यंत पोहोचतही नाही. दक्षिण कोरियातील सोलच्या सुंग्न्येमुन या दक्षिण दरवाजाला 10 फेब्रुवारी 2008 च्या रात्री एका माणसाने आग लावली. अग्निशमन दल लवकर आले, पाण्याचे फवारे सुरू झाले, आग विझली असे वाटलेही. पण कौलांखालच्या थरांत ती धुमसत होती. पाऊस बाहेर ठेवायला शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जे छप्पर रचले, त्याने बंबाचे पाणीही बाहेरच ठेवले. पहाटेपर्यंत वरचा लाकडी भाग कोसळला. छपराच्या आतली आग विझवायची तर पाणी आत, आधीपासून हवे.

स्प्रिंकलरही नको वाटत असतील तर पाण्याचे धुके आहे, ज्याला आम्ही वॉटर मिस्ट म्हणतो. पाणी मोठ्या दाबाने बारीक तोंडातून सोडले की त्याचे धुक्यासारखे थेंब होतात. हे थेंब आगीजवळ झटकन वाफ होतात, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे 1,700 लिटर जागा व्यापते. ती ज्वाळेभोवतीची हवा बाजूला सारते आणि उष्णता शोषून घेते. पाणी फार कमी लागते, म्हणून पाइपही बारीक चालतात, अंगठ्याएवढे स्टेनलेस स्टीलचे. असे पाइप बंद पडलेल्या धुराड्यातून, सज्जाच्या मागून, जुन्या घंटेच्या दोरीच्या वाटेने नेता येतात. मी अशा वाटा शोधण्यात आठवडे घालवले आहेत आणि तो वेळ मला कधी वाया गेलासा वाटला नाही. अनमोल चित्रांच्या दालनात आम्ही पाइप कोरडेही ठेवतो. डिटेक्टरने आगीची खूण दिल्यावरच त्यात पाणी येते आणि उष्णतेने तोंड फुटल्यावरच ते बाहेर पडते. शिडी लागून एखादे तोंड चुकून फुटले तरी थेंब पडत नाही. हे ऐकल्यावर बैठकीतले चेहरे थोडे सैल होतात, म्हणून सांगते.

धूर ओळखायला छताला पांढरी डबडी लावावीच लागतात असेही नाही. हवा ओढून घेणारी यंत्रणा आहे. नक्षीदार छताच्या वर, माळ्यावर पाइप फिरवायचा आणि फुलाच्या नक्षीत पाकळ्यांच्या सावलीत पेन्सिलच्या टोकाएवढे छिद्र ठेवायचे. दालनातली हवा त्यातून सतत ओढली जाते आणि दूरच्या खोलीतल्या पेटीत तपासली जाते. डोळ्यांना धूर दिसण्याच्या कितीतरी आधी ती सांगते. मी स्वतः बसवलेले असे एक छिद्र दुसऱ्या वर्षी तपासणीला गेले तेव्हा मलाच पटकन सापडले नव्हते.

नॉर्वेने हे करून दाखवले आहे. मध्ययुगातली त्यांची खांबांवर उभी, डांबर लावलेली लाकडी चर्च आता 28 उरली आहेत. बर्गेनजवळचे फान्टोफ्टचे चर्च 6 जून 1992 रोजी कुणीतरी जाळले. त्यानंतर तिथल्या वारसा खात्याने उरलेल्या चर्चमध्ये धूर ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याची व्यवस्था बसवण्याचे काम हाती घेतले. या इमारती बाराव्या-तेराव्या शतकातल्या आहेत, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतले उर्नेसचे चर्चही त्यांत आले. त्यांच्यात जर वाट सापडते, तर आपल्या इमारतीत सापडणार नाही असे मोजमाप घेण्याआधी कुणी सांगू नये.

एक गोष्ट माझ्याच व्यवसायातल्या लोकांविरुद्ध लिहिते. नव्या इमारतीची नियमावली घेऊन जुन्या वास्तूत शिरणारे, प्रत्येक जुने दार काढून त्या जागी पत्र्याचे दार बसवा म्हणणारे अभियंते आहेत. तुम्ही त्यांना नकार देता ते बरोबर करता. जुने लाकडी दार बहुतेकदा वाचवता येते. त्याच्या पातळ फळ्यांच्या मागे, कडेच्या खाचेत आगीत फुगणारी पट्टी बसवली की ते तापल्यावर फट बंद करते आणि अर्धा तास आग अडवू शकते. अर्धा तास पुरेसा असतो, माणसे बाहेर यायला आणि बंब पोहोचायला. जुना चुन्याचा गिलावा तडे न गेलेला असेल तर तोही चांगला अडसर आहे. म्हणून गिलावा दुरुस्त करणे हे आगीपासून संरक्षणाचेच काम आहे, आणि ते तुमचे कारागीर माझ्यापेक्षा चांगले करतात. तसेच, खोली बंद करून वायू सोडून आग विझवण्याची यंत्रणा कागदपत्रांच्या कोठारात उत्तम, पण उंच, फटींनी भरलेल्या दालनात ती विकायला कुणी आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो वायू तिथे टिकत नाही.

पोकळ्या बंद करणे हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात दुर्लक्षित. क्लँडन पार्कची आग तळघरातून निघून पोकळ्यांच्या वाटेने छपरापर्यंत गेली आणि एक दालन सोडले तर आतले जवळपास सगळे गेले. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीत हवा खेळवायला ठेवलेले उभे मार्गच 23 मे 2014 च्या आगीला वर चढायला जिने ठरले. याउलट केप टाउन विद्यापीठाचे जॅगर वाचनालय 18 एप्रिल 2021 रोजी डोंगरातल्या वणव्याने पेटले तेव्हा आग अडवणारी दारे आपोआप खाली आली आणि आग ग्रंथालयाच्या बाकीच्या भागांत जाऊ शकली नाही. वाचनालय गेले, त्याचे दुःख मोठेच. पण तळघरातल्या संग्रहाला ती दारे नसती तर काय झाले असते, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा.

सगळ्यात जास्त धास्ती मला परांची उभी असते तेव्हा वाटते. जीर्णोद्धार चालू असताना डिटेक्टरवर धूळ जाऊ नये म्हणून टोप्या घातलेल्या असतात, भिंती उघड्या असतात, रंगाचे डबे, लाकडाचा भुसा, प्लॅस्टिकचे पडदे आणि वेल्डिंगची ठिणगी एकाच छपराखाली येतात. इंग्लंडमधल्या अपपार्क हवेलीला 30 ऑगस्ट 1989 रोजी छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या कामातून आग लागली. कोपनहेगनचे जुने शेअर बाजार भवन 16 एप्रिल 2024 रोजी जळाले तेव्हा चारशे वर्षे पूर्ण होण्यानिमित्त त्याचे नूतनीकरण चालू होते, आणि ड्रॅगनच्या शेपट्यांचा पीळ असलेला मनोरा लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह 29 जानेवारी 1996 रोजी काम चालू असतानाच जाळले गेले, आणि शेजारचा कालवा सफाईसाठी कोरडा केलेला असल्याने विझवायला पाणी दुरून आणावे लागले. ग्लासगोमध्ये 2014 च्या आगीच्या वेळी पाण्याच्या धुक्याची यंत्रणा बसवली जात होती, पण चालू झाली नव्हती. 15 जून 2018 रोजी तीच इमारत जीर्णोद्धार चालू असताना पुन्हा पेटली, तेव्हाही अशी यंत्रणा चालू स्थितीत नव्हती. ही इमारत माझ्या मनातून जात नाही. दोनदा ती दाराशी आलेल्या संरक्षणाच्या अलीकडे जळाली.

म्हणून कामाच्या करारातच लिहून घ्या: ठिणगी किंवा ज्योत लागणारे काम लेखी परवान्याशिवाय नाही, दिवसाच्या शेवटच्या तासात तर मुळीच नाही, आणि काम संपल्यावर किमान एक तास माणूस तिथे बसून राहील. ठेकेदार कुरकुर करतील. करू द्या. डिटेक्टरच्या टोप्या रोज संध्याकाळी निघाल्या की नाही हे एकाने पाहायचे आणि वहीत सही करायची. आणि यंत्रणा सगळी पूर्ण व्हायची वाट पाहू नका. माळ्याचा भाग आधी पूर्ण करून चालू करा, बाकीचे मागून येऊ द्या.

आमच्या हातूनही चुका होतात, आणि एक लपवणे बरोबर नाही. एका इमारतीत आम्ही पाइप नेण्यासाठी दोन माळ्यांमधल्या भिंतीत छिद्र घेतले. ते आग न लागणाऱ्या मालाने बंद करायचे असे आराखड्यात होते, मी स्वतः लिहिले होते. कामाच्या शेवटच्या आठवड्याच्या घाईत ते राहून गेले आणि मीही पुन्हा वर जाऊन पाहिले नाही. पाच महिन्यांनी देखभालीला गेलेल्या एका मुलाने फोटो पाठवला: पाइपभोवती चार बोटांची फट, आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. ज्या भोकावरून मी इतरांना नावे ठेवते तेच भोक माझ्या सहीने पडले होते. तेव्हापासून काम संपल्यावर प्रत्येक छिद्राचा आकडा घातलेला फोटो दिल्याशिवाय मी बिल मागत नाही. तुम्हीही कुणाचे बिल तसे फोटो पाहिल्याशिवाय देऊ नका, माझेही नाही.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दोनशेव्या वर्षी, जून 2018 मध्ये निधीचा करार झाला होता. त्यात आगीपासून संरक्षणाचेही काम होते. पैसे हातात पडण्याआधीच सप्टेंबर उजाडला. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातला बहुतांश भाग गेला, आणि बंब आले तेव्हा जवळच्या हायड्रंटना, म्हणजे बंबांनी पाणी घ्यायच्या नळांना, पुरेसे पाणी नव्हते. सगळा निधी येईपर्यंत थांबू नका हे सांगताना मला हीच इमारत आठवते. जुनी मृत वायरिंग काढणे, भिंतींतली भोके बुजवणे, माळा झाडून काढणे, दारे रात्री बंद ठेवणे, हायड्रंटला पाणी आहे का हे उघडून पाहणे, कोणत्या वस्तू आधी बाहेर काढायच्या याची यादी करून ती अग्निशमन दलाकडे देणे, एवढे तर आजच्या पैशात होते. मोठी यंत्रणा त्यानंतर.

‘नियमात बसत नाही’ किंवा ‘नियमाने सक्ती नाही’ हेही ऐकते. जपानमधल्या ओकिनावाच्या शुरी किल्ल्यातल्या मुख्य प्रासादात आतून स्प्रिंकलर नव्हते, कारण ते सक्तीचे नव्हते. 31 ऑक्टोबर 2019 च्या पहाटे तो प्रासाद जळून गेला. आणि ज्यांना सिद्धांताचा आधार हवा त्यांनी जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद पुन्हा काढून वाचावी. जुन्याच्या आदराविषयी आपण तिचा दाखला नेहमी देतो. वास्तूच्या रक्षणाला उपयोगी पडतील अशी सर्व शास्त्रे आणि तंत्रे वापरावीत, असेही तीच सनद म्हणते, तेही अगदी सुरुवातीलाच.

जपानमध्ये 26 जानेवारी 1949 रोजी होर्यू-जी मंदिराच्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रे आगीत गेली. तिथेही त्या चित्रांच्या नकला करण्याचे, म्हणजे जतनाचेच काम चालू होते. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि 1955 पासून दर 26 जानेवारीला देशभरातल्या मंदिरांत आणि जुन्या वास्तूंत आगीची तालीम होते. भिक्षू, शेजारी आणि बंबवाले मिळून पाणी मारून पाहतात. आपल्या वास्तूंत अशी तालीम शेवटची कधी झाली?

नोत्र-दाम 7 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा उघडले. माळा पुन्हा ओकचाच केला, जुन्याच पद्धतीने कुऱ्हाडीने तासलेल्या तुळयांचा. पण आता त्यात आग अडवणाऱ्या भिंती आहेत आणि पाण्याच्या धुक्याचे पाइप आहेत. खालून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. हेच पाइप तिथे 2019 च्या आधीही बसू शकले असते.

तुमच्याकडे माझे मागणे एवढेच आहे. पुढच्या बैठकीचा पहिला विषय माळ्याचा घ्या आणि बैठक संपली की सगळे मिळून वर जा. संवर्धन करणारा वास्तुविशारद, आगीचा अभियंता, अग्निशमन दलाचा अधिकारी आणि रात्रपाळीचा पहारेकरी असे चौघे तरी सोबत असू द्या, आणि प्रत्येकाकडे विजेरी. किल्ली मागितल्यापासून दार उघडेपर्यंत किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहून इतिवृत्तात लिहा. वर गेल्यावर भिंतीतली भोके मोजा, तीही लिहा. मग माझी फाइल कपाटातून काढा.

आपली,
जुन्या वास्तूंसाठी काम करणारी एक अग्निसुरक्षा अभियंता